संगणकाच्या कोठाराची आंखणी

सर्व धान्य एकाच ढिगांत ठेवलें तर एका कोपऱ्यांतील ओल साऱ्या ढिगास नासविते; म्हणून जाणती गृहिणी प्रत्येक धान्याची कणगी निराळी ठेवते. संगणकांतील माहितीच्या सांठ्यासहि हाच न्याय लागू आहे. युनिक्स या कार्यप्रणालीच्या उदाहरणानें तो आज पाहूं.

युनिक्सचा आरंभ १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. या दोघांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांच्या यंत्राचें वर्णन आहे. त्यावर इतर साधनांबरोबर चार डिस्का होत्या; प्रत्येकींत २५ लक्ष बाइट, म्हणजे स्थूलमानानें तितकींच रोमन अक्षरें मावत. आज बाजारांत सहज मिळणारी ४ टेराबाइटची एक डिस्क तशा १६ लक्ष डिस्कांच्या बरोबरीची भरते.

युनिक्सचें वैशिष्ट्य असें कीं, डिस्का कितीहि असोत, फायलींचा वृक्ष एकच. 'रूट' या मुळापासून त्याच्या शाखा फुटतात. नवी डिस्क आली म्हणजे तिचें कलम एखाद्या शाखेवर बांधावयाचें. या क्रियेस 'माउंट' म्हणतात. वापरणारास सांधा दिसत नाहीं. परंतु कोणती शाखा डिस्कच्या कोणत्या विभागावर ठेवावयाची, हें मांडणाऱ्यानें आधींच ठरविलें पाहिजे.

न ठरविल्यास काय होतें? यंत्र आपली रोजनिशी 'व्हार' या शाखेंत लिहितें. किरकोळ बिघाड झाला तरी तीच तक्रार रात्रभर लाखों वेळां लिहिली जाऊं शकते. सर्व शाखा एकाच विभागावर असल्या तर सकाळीं कोणासहि एक ओळ जतन करतां येत नाहीं. 'व्हार' स्वतंत्र विभागावर असेल तर रोजनिशी खुंटते, पण लोकांचीं कागदपत्रें सुरक्षित राहतात. तीं 'होम' या निराळ्या विभागावर ठेवलीं, म्हणजे प्रणाली नव्यानें बसवितांनाहि त्यांस हात लावावा लागत नाहीं. आरंभीं कांहीं जागा मोकळी सोडावी. विभाग मागाहून वाढविणें सोपें, लहान करणें कठीण.

लिनक्समध्यें कोणता विभाग कोठें जोडावयाचा, याची यादी 'एफएसटॅब' या फायलींत असते. तेथें 'एसडीए', 'एसडीबी' हीं नांवें लिहूं नयेत. यंत्रास डिस्का ज्या क्रमानें आढळतात त्या क्रमानें तीं नांवें मिळतात, आणि क्रम बदलूं शकतो. विभागाची घडण करतांना त्यास मिळणारा यूयूआयडी हा क्रमांक लिहावा.

दोन डिस्कांवर एकच मजकूर लिहिणारी 'रेड' व्यवस्थाहि प्रचारांत आहे. एक डिस्क निकामी झाली तरी दुसरी काम चालविते. परंतु चुकून पुसलेलें छायाचित्र त्याच क्षणीं दोहोंवरून नाहींसें होतें. तेव्हां घरांतील जुनीं पत्रें व छायाचित्रें यांची एक प्रत यंत्रापासून अलग, शक्य तर दुसऱ्या घरीं ठेवावी, आणि ती उघडते कीं नाहीं हें मधूनमधून पाहावें. कणग्या निराळ्या केल्यानें नासाडी आटोक्यांत राहते. पण पुढील पेरणीसाठीं बियाणें वेगळेंच जपून ठेवावें लागतें.