खाल्लेलं अंगी का लागत नाही? बाळाच्या पोटातल्या जंतूंवरचं नवं संशोधन

“खातो तर सगळं, पण अंगीच लागत नाही.” लहान मुलं असलेल्या घरांत हे वाक्य नेहमी ऐकू येतं. मग कुणी नजर लागली म्हणतं, कुणी जंताचं औषध द्या म्हणतं, तर कुणी सरळ आईलाच बोल लावतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं की देशात आणि आपल्या महाराष्ट्रातही पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. अपुरं अन्न, अस्वच्छ पाणी, वारंवार होणारे जुलाब, आईचं स्वतःचं अशक्तपण ही कारणं आहेतच. पण गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे बाळाच्या आतड्यात वसलेली सूक्ष्मजीवांची वस्ती.

ही वस्ती वसते कशी?

जंतू म्हटलं की आपल्याला आजार आठवतो. पण आतड्यातले बहुतेक जीवाणू आपले शत्रू नाहीत. आपल्याला न पचणारं अन्न ते फोडतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात आणि रोगजंतूंना सहज जागा मिळू देत नाहीत.

ओसाड जमिनीवर आधी गवत उगवतं, मग झुडपं येतात, मग मोठी झाडं. बाळाच्या पोटातही असंच टप्प्याटप्प्याने घडतं. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. त्या खास बिफिडोबॅक्टेरियम जातीच्या जीवाणूंचं अन्न असतात. पुढे वरचं अन्न सुरू झालं की नवे जीवाणू येतात. दोन-तीन वर्षांत ही वस्ती बरीचशी मोठ्या माणसासारखी होते. म्हणजे मूल वाढतं, तशी त्याच्या पोटातली वस्तीही वयात येते.

ढाक्यात काय सापडलं?

बांगलादेशची राजधानी ढाका. तिथे आयसीडीडीआर,बी नावाची संशोधन संस्था आहे. जुलाबावरच्या ओआरएसचा पाया घालण्यात हिचाच मोठा वाटा होता. या संस्थेचे डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे डॉ. जेफ्री गॉर्डन यांच्या गटांनी ढाक्याच्या मीरपूर या दाटीवाटीच्या वस्तीतल्या मुलांचा अभ्यास केला.

२०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की तीव्र कुपोषित मुलांच्या पोटातली वस्ती त्यांच्या वयापेक्षा ‘लहान’ असते. मूल मोठं झालं, पण त्याचे जीवाणू मागेच राहिले. या मुलांपैकी काहींना उपचारासाठी शेंगदाण्याचं तयार पाकीट दिलं होतं, तर काहींना खिचडी आणि हलवा, म्हणजे तांदूळ, डाळ, पालेभाजी, गव्हाचं पीठ आणि गूळ घालून केलेलं तिथलंच जेवण. दोन्हींनी मुलं सावरली. पोटातली वस्तीही थोडी सुधारली. पण उपचार थांबल्यावर काही महिन्यांत ती पुन्हा मागे पडली. मूल दवाखान्यातून बरं होऊन घरी येतं, पण त्याची वाढ तरीही मागेच का राहते, याचा एक धागा इथे मिळाला.

पण जीवाणू मागे पडतात म्हणून मूल खंगतं, की मूल खंगतं म्हणून जीवाणू मागे पडतात? याचा अंदाज २०१३ च्या एका प्रयोगातून आला होता. आफ्रिकेतल्या मलावी देशात काही जुळ्यांपैकी एक मूल कुपोषित आणि दुसरं ठीक होतं. दोघांच्या पोटातले जीवाणू वेगवेगळ्या जंतुमुक्त उंदरांत सोडले आणि उंदरांना मलावीतलंच साधं खाणं दिलं. काही जोड्यांमध्ये कुपोषित भावंडाचे जीवाणू मिळालेले उंदीर जास्त खंगले. म्हणजे दोष फक्त अन्नाचा नव्हता, फक्त जीवाणूंचाही नव्हता. दोन्ही एकत्र आले तेव्हा नुकसान झालं.

जीवाणूंना काय खायला द्यायचं?

मग प्रश्न उलटा विचारला गेला. मुलाला काय द्यावं, यासोबतच त्याच्या मागे पडलेल्या जीवाणूंना काय द्यावं? बरेच पदार्थ तपासल्यावर २०१९ मध्ये एक मिश्रण पुढे आलं. चणा, सोयाबीन आणि शेंगदाण्याचं पीठ आणि कच्चं केळं. सोबत तेल, साखर, जीवनसत्त्वं आणि खनिजं. यातलं काहीच परदेशी नाही, हे सगळं मोहल्ल्याच्या बाजारात मिळतं.

२०२१ मध्ये चाचणीचे निकाल आले. मीरपूरमधल्या १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित मुलांपैकी निम्म्यांना हे मिश्रण दिलं आणि निम्म्यांना तांदूळ-डाळीचं नेहमीचं पूरक अन्न. तीन महिने, दिवसातून दोनदा. ११८ मुलांनी चाचणी पूर्ण केली. नव्या मिश्रणात उष्मांक कमी होते, तरी उंचीच्या मानाने वजन त्याच गटात जास्त वेगाने वाढलं. फरक चमत्कारासारखा नव्हता. पण कमी उष्मांकात जास्त वाढ झाली, हीच बातमी आहे.

पुढचं संशोधन कुठे जाणार?

पहिला प्रश्न: नक्की कोण काय काम करतं? आतापर्यंत पोटात कोण राहतं याच्या याद्या झाल्या. आता त्यांची कामं शोधायची आहेत. २०२४ च्या अभ्यासात वजनवाढीचा संबंध प्रिव्होटेला कोप्री नावाच्या जीवाणूच्या काही प्रकारांशी दिसला. या मिश्रणातल्या गुंतागुंतीच्या साखरा फोडण्याचं काम ते करतात.

दुसरा प्रश्न लहान आतड्याचा. बहुतेक अभ्यास शौचाच्या नमुन्यांवर होतात, कारण ते सहज मिळतात. पण अन्न शोषलं जातं लहान आतड्यात. घाणीत राहणाऱ्या मुलांच्या लहान आतड्याला कायमची सूज राहते, ती कशी थांबवायची?

तिसरा प्रश्न: वजन वाढलं, पण खुंटलेली उंची भरून निघेल का? मेंदूच्या वाढीचं काय? फायदा वर्षानुवर्षं टिकेल का?

आणि चौथा प्रश्न आपल्या जवळचा. गाव, पाणी आणि ताटातलं अन्न बदललं की पोटातली वस्ती बदलते. ढाक्याचं मिश्रण मालेगावात किंवा मेळघाटात तसंच चालेल असं धरून चालत नाही. इथल्या मुलांवर, इथल्या डाळी-धान्यांवर अभ्यास व्हायला हवेत. ते सरकार आणि विद्यापीठांनी करावेत, ही मागणी आपण करू शकतो.

तोपर्यंत घरात काय करावं?

चणा-शेंगदाण्याचं पीठ घरी कालवून कुपोषित मुलावर स्वतःच उपचार करू नका. ते प्रमाण मोजून बनवलेलं अन्न आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या. मग वरचं अन्न सुरू करा, पण दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. अँटिबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कारण ते चांगल्या जीवाणूंनाही मारतं. जुलाब झाले तर लगेच ओआरएस सुरू करा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड अंगणवाडीत मोजून घ्या. पट्टी लाल आली, म्हणजे दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना किंवा पोषण पुनर्वसन केंद्र गाठा. पट्टी पिवळी आली, तरी अंगणवाडी ताईंशी बोला आणि मोजणी चुकवू नका.