उंची नको, मनगट पाहा!

समजा, जबलपूरच्या ओमती भागातल्या एका मराठी घरातली अकरा वर्षांची मुलगी बास्केटबॉल खेळू लागली. वर्गात सर्वांत उंच, म्हणून तिला रिंगखाली ‘सेंटर’ला उभे केले. तीन-चार वर्षांत इतर मुलींनी तिची उंची गाठली. तोवर तिला ना चेंडू टप्पे देत नेता येतो, ना लांबून नेम साधतो. दोष कुणाचा?

या वयात बास्केट मोजण्यापेक्षा चेंडू हातातून कसा सुटतो, ते पाहावे. कोपर रिंगच्या दिशेने आहे का? गुडघ्यांचा जोर मिळतो का? शेवटी मनगट अलगद झुकते का? रिंग ३.०५ मीटर उंच. जड चेंडू तिथवर पोचवण्यासाठी मूल तो कमरेपासून ढकलते आणि तीच सवय जडते. म्हणूनच मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते, चेंडूही लहान.

अमेरिकेचा स्टीफन करी शाळेत असाच खालून चेंडू फेकत असे. त्याचे वडील डेल स्वतः नामवंत खेळाडू. त्यांनी एका उन्हाळ्यात त्याची सवय मोडली. सुरुवातीला त्याला जवळूनही नेम साधेना. पण डिसेंबर २०२१ मध्ये एनबीएतील सर्वाधिक तीन गुणांच्या बास्केटचा विक्रम त्याच्या नावावर झाला.

तेव्हा पालकहो, जागा ठरवण्याची घाई नको. मुलांना गार्ड, फॉरवर्ड, सेंटर सगळीकडे खेळू द्या. उंची वाढायची तेवढी वाढेल. हात मात्र आताच घडवावा लागतो.