खेळाडूचे मत : हक्क, सल्ला आणि मालकी

ज्या व्यवस्थेवर माणसाची मालकी नाही, पण जिच्यात त्याने आपली वर्षे आणि आपले श्रम ओतले आहेत, त्या व्यवस्थेत त्याच्या मताला किंमत किती? हा प्रश्न आपण गिरणी, शाळा, ग्रामपंचायत आणि राजकीय पक्ष यांच्या संदर्भात पुष्कळदा विचारला आहे. प्रस्तुत लेखात तो मी एका वेगळ्याच क्षेत्राच्या संदर्भात विचारणार आहे. हे क्षेत्र म्हणजे इंटरनेटवर हजारो माणसे एकाच वेळी खेळतात ते विज्ञानकथेवर आधारलेले खेळ.

'खेळ' हा शब्द वाचताच काही कार्यकर्ते मित्र हा लेख बाजूला सारतील. भरल्या पोटाचे चाळे, असेही कुणी म्हणेल. मी तालुक्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातील कितीतरी मुलांच्या घरात पहिले पुस्तक आले ते त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या रूपाने. पण मोबाइलवरच्या खेळांत ती तासन्‌तास असतात. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली, तेव्हा त्यांनी महिनोन्‌महिने खेळून जमवलेले सारे हातचे गेले. बंदी योग्य की अयोग्य हा येथे मुद्दा नाही. खेळणाऱ्याचे मत विचारावे असे ना सरकारला वाटले, ना कंपनीला, एवढेच लक्षात घ्यावयाचे. जेथे माणसे एवढा वेळ घालवतात तेथे सत्तेचा प्रश्न असतोच, आणि जेथे सत्तेचा प्रश्न आहे ते क्षेत्र आपण परके मानून चालणार नाही.

अशा खेळाची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. खेळाडू दरमहा वर्गणी भरतो आणि एका कल्पित जगात एक पात्र धारण करतो. ते जग कंपनीच्या संगणकांवर अखंड चालू असते. खेळाडू झोपला तरी तेथील बाजार भरलेला असतो, लढाया चालू असतात. अवकाशयान, शस्त्र, घर, नाणे यांतील पुष्कळसे खेळाडूच निर्माण करतात आणि एकमेकांना विकतात. म्हणजे कंपनी पुरवते ती जमीन आणि नियम. वस्ती, व्यापार, मैत्री, वैर आणि इतिहास उभा करतात ते खेळाडू. मात्र प्रवेश करताना जो करार मान्य करावा लागतो, त्यात साधारणपणे असे स्पष्ट लिहिलेले असते की पात्रापासून नाण्यापर्यंत सर्व काही कंपनीचे आहे. श्रम एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, हा या जगाचा पाया आहे.

हा पाया उघडा पाडणारे पहिले उदाहरण 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' या खेळाचे आहे. जून २००३ मध्ये अमेरिकेत सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने लुकासआर्ट्सच्या सहकार्याने तो सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य असे की तेथे प्रत्येकाला योद्धा व्हावे लागत नसे. कुणी शस्त्रे घडवी, कुणी कपडे शिवी, कुणी वैद्यकी करी, कुणी मद्यालयात नाचे किंवा वाद्य वाजवी. लढून थकलेल्या योद्ध्याचा शीण नर्तक-वादकांकडे गेल्याखेरीज जात नसे. म्हणजे कारागीर आणि कलावंत यांच्यावाचून योद्ध्याचे चालत नसे. व्यवसायांची संख्या तिसाच्या वर होती. खेळाडूंनी गावे वसवली आणि त्या गावांचे प्रमुख निवडले. खेळात दोष पुष्कळ होते आणि खेळाडू त्यांबद्दल सतत बोलत होते. काही गोष्टी मोडक्या आहेत, युद्धाचा तोल बिघडला आहे, आधी हे दुरुस्त करा, असे बहुतेकांचे म्हणणे होते.

कंपनीने दुरुस्ती केली नाही, जगच बदलले. १ नोव्हेंबर २००५ रोजी खेळाची नवी भर विक्रीस आली. ती विकत घेऊन खेळाडू दोन दिवसही खेळला नसेल, तोच संपूर्ण खेळ नव्या पद्धतीने होणार असल्याची घोषणा झाली, आणि १५ नोव्हेंबरला ती अमलातही आली. तिसाच्या वर असलेले व्यवसाय नऊवर आले. ज्याने दोन वर्षे खपून एखादे दुर्मिळ कसब साधले होते, त्याचे कसबच उरले नाही. नव्या, घाईच्या, सिनेमा पाहून येणाऱ्या गिऱ्हाइकाला सोपे जावे हा हेतू होता. संताप उसळला, निषेध झाले. नवी भर घेतलेल्यांना पैसे परत देण्याची तयारी कंपनीने दाखवली. जुना खेळ मात्र परत आला नाही. जुने खेळाडू मोठ्या संख्येने निघून गेले आणि १५ डिसेंबर २०११ रोजी खेळ कायमचा बंद झाला. पुढे काही हौशी मंडळींनी विनामोबदला खपून २००५ पूर्वीचा खेळ पुन्हा उभा करण्याचे काम चालवले, यावरून त्या वस्तीविषयीची ओढ समजावी.

माझे वडील एका कारखान्यात हंगामी कामगार होते. ते म्हणत, साहेब मत विचारायला आला की समजावे, कागदावर सही आधीच झालेली आहे. गॅलॅक्सीजच्या खेळाडूंना तर विचारण्याचा उपचारही घडला नाही.

या खेळाच्या मूळ रचनेमागे राफ कोस्टर हा रचनाकार होता. त्यानेच २००० साली खेळाडूंच्या हक्कांचा एक जाहीरनामा लिहिला होता. १७८९ च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा साचा त्याने त्यासाठी घेतला. पडद्यावरील पात्रामागे हाडामांसाचा माणूस आहे आणि म्हणून त्यालाही हक्क आहेत, असा त्याचा आशय होता. त्याच मजकुराची त्याने 'चालकांना सल्ला' या स्वरूपातही एक आवृत्ती केली. तीच गोष्ट सल्ला म्हणून सांगितली की चालकाला ती सुज्ञपणाची वाटते. हक्क म्हणून मागितली की तो बिथरतो. कारण सल्ला मानणे न मानणे त्याच्या मर्जीवर असते. सल्ला आणि हक्क यांतील हे अंतर या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगावयास नको.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणून अधिक उद्‌बोधक आहे. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये 'ईव्ह ऑनलाइन' सुरू केला. सात हजारांहून अधिक तारामंडळांचे हे जग आहे आणि चीनमधील वेगळी व्यवस्था सोडल्यास सर्व खेळाडू त्या एकाच जगात असतात. या जगात फसवणूक, हेरगिरी, विश्वासघात यांना नियमानेच मुभा आहे. त्याबद्दल खेळाडूंत उघड दोन तट आहेत. एक म्हणतो, गमावण्याची खरी भीती आहे म्हणूनच कमावण्याला अर्थ आहे. दुसरा म्हणतो, हे जग आधीच बलवान झालेल्यांचे आहे. निमूटपणे खनिज खणणारा नवखा माणूस त्यांची शिकार होतो आणि वर त्यालाच शहाणपण शिकवले जाते. दोन्ही मते अनुभवातून आली आहेत; मात्र दोन्ही अनुभव एकाच उंचीवरून घेतलेले नाहीत.

२००७ च्या फेब्रुवारीत असे उघडकीस आले की कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने, जो स्वतः एका बलाढ्य गटातून खेळत होता, अत्यंत मौल्यवान उत्पादन-नकाशे गैरमार्गाने खेळात आणले होते. फसवणुकीला मुभा असलेल्या जगातही यावर लोक खवळले. खेळाडूने खेळाडूला फसवणे हा खेळाचा भाग. नियम राखणाऱ्यानेच एका बाजूला झुकणे हा अन्याय. या अविश्वासावर उपाय म्हणून कंपनीने कर्मचाऱ्यांवर देखरेख ठेवणारा अंतर्गत विभाग उभा केला आणि २००८ मध्ये खेळाडूंच्या मतदानाने निवडलेली नऊ जणांची परिषद स्थापन केली. 'कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट' हे तिचे नाव. निवडलेले प्रतिनिधी रेक्याविकला जाऊन कंपनीशी समोरासमोर बसू लागले. खासगी कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांना प्रतिनिधी निवडू द्यावेत ही गोष्ट तेव्हा नवलाची होती.

तथापि या परिषदेचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ती सल्ला देते. ठराव बंधनकारक करण्याचा अधिकार तिला नाही. प्रतिनिधींना कंपनीचे पुढचे बेत दाखवले जातात, पण त्याआधी गुप्ततेच्या करारावर सही घेतली जाते. म्हणजे ज्यांच्या मतांवर तो निवडून आला त्यांनाच तो सर्व सांगू शकत नाही. शिवाय मतदान करणारे नेहमीच थोडे राहिले. त्यामुळे संघटित मोठे गट आपली माणसे सहज निवडून आणत आणि विखुरलेल्या एकट्या खेळाडूची मते वाया जात. २०१३ पासून पसंतिक्रमाने मत देण्याची पद्धत आणली गेली, ती ही वाया जाणारी मते वाचवण्यासाठी. प्रतिनिधी निवडून आला म्हणून तो सज्जन असतो असेही नाही. २०१२ मध्ये परिषदेच्या अध्यक्षाने भर व्यासपीठावरून एका निराशाग्रस्त खेळाडूची क्रूर थट्टा केली आणि त्याला ते पद सोडावे लागले.

या परिषदेची खरी परीक्षा २०११ मध्ये झाली. त्या सुमारास खेळाच्या वर्गणीदारांची संख्या तीन लाखांच्या वर होती. आइसलंडची लोकसंख्याही साधारण तेवढीच. २१ जून रोजी कंपनीने नवी भर आणली आणि पात्राच्या शोभेच्या वस्तूंचे दुकान उघडले. त्यात एका डोळ्यावर लावावयाच्या भिंगाची किंमत साठ डॉलरांच्या वर होती. महिन्याची वर्गणी पंधरा डॉलर होती, यावरून कल्पना यावी. त्यातच कंपनीचे एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटले. हाव चांगली काय, असा प्रश्न मथळ्यातच टाकून त्यात पैशाने वस्तू विकण्याची चर्चा केलेली होती. आज भिंग विकतील, उद्या पैसेवाल्याला वरचढ शस्त्रही विकतील, ही भीती पसरली. पुढे कंपनीचे प्रमुख हिल्मार वेइगर पेटुर्सन यांचे कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्रही फुटले. खेळाडू काय बोलतात यापेक्षा काय करतात याकडे या घडीला पाहावे, असा त्याचा भावार्थ होता.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच होय. मालक तुमचे बोलणे मोजत नाही, वागणे मोजतो, हे त्यात सरळ मान्य केलेले आहे. आणि खेळाडूंनी ते शब्दशः घेतले. जिता या मुख्य बाजारपेठेत हजारो याने जमली आणि तेथील स्मारकावर गोळीबार करीत राहिली. स्मारक फुटणारे नव्हते. तोफा डागणे ही केवळ घोषणा होती. पण त्याचबरोबर अनेकांनी वर्गणी बंद केली, आणि ती घोषणा नव्हती. कंपनीने जूनच्या अखेरीस परिषदेला तातडीने रेक्याविकला बोलावले. चर्चेनंतर जाहीर झाले की दुकानात शोभेच्याच वस्तू विकल्या जातील, खेळाचा तोल बिघडवणारे काही विकण्याचा बेत नाही. ऑक्टोबरात कंपनीप्रमुखांनी चुका कबूल करणारे खुले पत्र लिहिले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस आलेली पुढची भर जुन्या, रेंगाळलेल्या दुरुस्त्यांना वाहिलेली होती.

मग खेळाडू जिंकले काय? उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली अशी की त्याच ऑक्टोबरात कंपनीने आपल्या सुमारे एक पंचमांश कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. धोरण वर ठरले, किंमत खालच्यांनी मोजली. खेळाडूंच्या विजयाची हकीकत सांगताना ही ओळ बहुधा गाळली जाते. आपण ती गाळता कामा नये. दुसरी अशी की 'बेत नाही' आणि 'कधीही करणार नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. या खेळात कौशल्य प्रत्यक्ष काळ लोटल्यानेच वाढत असे. एकदा वर्गणी भरली की श्रीमंताचा महिना आणि गरिबाचा महिना सारखाच लांब होता. २०१६ मध्ये एकाने साठवलेले कौशल्य काढून दुसऱ्याला विकण्याची सोय आली, आणि ते काढण्याचे साधन कंपनी पैशाने विकू लागली. म्हणजे इतरांचा काळ विकत घेता येऊ लागला. २०१८ मध्ये कंपनीच दक्षिण कोरियातील पर्ल अ‍ॅबिसला विकली गेली. २०२२ मध्ये महिन्याची वर्गणी पंधरा डॉलरांवरून वीसवर गेली. वस्ती ज्यांनी वसवली, त्यांच्या मताने यातील काहीही ठरलेले नव्हते.

तरीही गॅलॅक्सीज आणि ईव्ह यांतील फरक लहान नाही. पहिल्या ठिकाणी मते हजारो होती, पण ती सुटी होती. प्रत्येकाने आपापला संताप बोलून दाखवला आणि आपापल्या वाटेने तो निघून गेला. दुसऱ्या ठिकाणी मताला तीन आधार होते. एक, नावानिशी निवडलेले प्रतिनिधी. दोन, आधीपासून एकत्र लढण्याची सवय असलेले गट. तीन, वर्गणी रोखण्याची तयारी. यातील केवळ परिषद असती तर ती शोभेचीच ठरली असती; केवळ संताप असता तर तो स्मारकावरच्या गोळ्यांसारखा विरून गेला असता. तिन्ही एकत्र आल्या तेव्हा कंपनी टेबलापाशी आली. परिषद सल्लागार असली तरी तिच्यामुळे 'बोलायचे कुणाशी' हा प्रश्न मालकाला टाळता आला नाही.

विद्यार्थी मित्रांनी यातून काय घ्यावे? आपण दिवसाचे कित्येक तास ज्या जगांत असतो ती जगे कुणाच्या तरी मालकीची आहेत. तेथे आपले मत पदोपदी मागितले जाते. तारे द्या, अभिप्राय लिहा, आवडले की नाही ते सांगा. हे मत मागणे म्हणजे गिऱ्हाइकाची नाडी पाहणे आहे. त्या मताने निर्णय बांधला जातो काय, प्रतिनिधीला मतदारांपुढे मोकळे बोलता येते काय, आणि निर्णयाची किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही व्यवस्थेला लोकशाही म्हणू नये. ईव्हचे खेळाडू सल्ल्यापर्यंत पोहोचले आणि तेही त्यांना संघटित झाल्यावरच मिळाले. हक्काचा मसुदा २००० सालीच लिहून झाला आहे. त्यावर सही करणारा मालक अजून पुढे आलेला नाही.