सोनारांची कसोटी

सोनारकामाचे शिक्षण घरातच होते. बागेसरी, मूस, फुंकणी व ऐरण यांच्या सान्निध्यात मुलाचा हात बसतो. डाग देणे, कसोटीवर कस ओळखणे त्याला अवगत होते. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली आणि असंख्य कारागिरांची रोजी बुडाली. पुढे ही अट शिथिल झाली. नियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तीत तरतूद आहे. मात्र कुटुंबातील एकाच व्यक्तीची नोंदणी होते. ग्रामीण भागात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते. खरा कारागीर पारखण्याची कसोटी तिच्याच हाती आहे.