त्यांच्या पाडव्यालाही गव्हाचे कोंब

वाचकहो, चैत्र पाडव्याला आपल्या बीड जिल्ह्यात गुढी उभी राहते, कडुलिंबाचा पाला गुळासंगे तोंडात पडतो आणि सालगड्याचे नवे साल सुरू होते. ज्यांचा ऊसतोडीचा हंगाम लांबतो, त्यांचा पाडवा मात्र कारखान्याच्या तळावर, कोपीच्या दारातच होतो. तेव्हा परमुलखातला सण कसा असतो, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. पण परदेशातून आपल्याकडे शिकायला आलेली पोरे त्यांचा पाडवा कसा करतात, हे ठाऊक आहे काय?

तुमचे लेकरू पुण्याला शिकत असेल, तर त्याला विचारा. इराणचे आणि अफगाणिस्तानचे विद्यार्थी तिथे कित्येक वर्षांपासून येतात. त्यांचे नवे वर्ष म्हणजे नवरोज. नव म्हणजे नवा, रोज म्हणजे दिवस. दोन्ही शब्द आपल्या घरचेच वाटतात. मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात, तेव्हा हा सण येतो. २०२६ सालचा पाडवा १९ मार्चचा, आणि त्यांचे वर्ष बदलण्याचा क्षण लगेच २० मार्चचा, आपल्या घड्याळात रात्री सव्वाआठच्या सुमाराचा. इराणी घरात या क्षणाला सारी माणसे मांडणीभोवती बसतात. एकट्या पोराला नेमके तेच जमत नाही. फोनवर घर दिसते, एवढाच आधार.

मांडणीत 'स'वरून नावे असलेल्या सात वस्तू लागतात. सफरचंद, लसूण, सिरका पुण्यात कुठेही मिळतात. सुमाक नावाचा आंबट मसाला नाही मिळाला, तर सिक्का ठेवला तरी चालतो. नाण्याला त्यांच्याकडेही सिक्काच म्हणतात!

पण खरी शोभा सब्जेची, म्हणजे हिरव्या कोंबांची. गहू नाहीतर मसूर भिजवायचा, ताटलीत पसरायचा, ओल्या फडक्याने झाकायचा. मोड आले की फडके काढून रोज पाणी शिंपडायचे. मायबहिणींनो, आपण नवरात्रात घट बसवतो त्याचीच ही बहीण म्हणा ना! आपण शेतातली काळी माती घेतो, ते बहुधा मातीविनाच उगवतात. आपले तुरे दसऱ्याला टोपीत खोवले जातात, त्यांचे कोंब तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात. वसतिगृहाच्या खिडकीतही हे पीक येते. त्याला ना रान लागते ना बैल.

अफगाण घरांत सात प्रकारचा सुका मेवा रात्रभर पाण्यात भिजवून वाटतात. पण या पोरांचे दुःख वेगळे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले आणि २०२२ पासून तिथे नवरोजची सरकारी सुट्टीही राहिली नाही. ज्या सणासाठी घरी जावेसे वाटते, तोच घरी चोरट्यासारखा झाला, तर परमुलखातल्या खोलीत भिजवलेल्या मनुकांचे मोल किती वाढत असेल, याचा विचार करा.

अशा पोरांची कदर पुण्याने पूर्वीही केली आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काही देताना त्यांना दिसली. रागावून चौकशी केली, तर मुलगा मॉरिशसचा, काविळीने आजारी, आणि ती त्याला जेवण पोहोचवत होती! परदेशी मुलांचे इथे कोणी नसते, हे त्यांच्या मनाला लागले आणि १९७१ मध्ये त्यांनी सिंबायोसिस ही संस्था काढली. मुजुमदार वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नावही त्यांनी त्याच शास्त्रातले घेतले, अर्थ सहजीवन.

तुम्हांला संस्था काढायची नाही. पुण्याला डबा धाडताना शेजारच्या खोलीसाठी शेरभर गहू बांधून द्या, झाले. नुकताच काढलेला नको, तो उगवायला कधी कधी कुरकुरतो. कणगीतला मागच्या सालचा द्या. कोंब बोटभर व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यातच तो पोहोचायला हवा.