ग्रामपंचायत आणि महामार्ग : तळेगाव (श्यामजी पंत) येथील मार्गसुरक्षेचा विचार

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्गावर आहे. पूर्वी ६ क्रमांकाने ओळखला जाणारा हा मार्ग आता क्रमांक ५३ म्हणून गणला जातो. आर्वी व आष्टीकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. राज्य परिवहन महामंडळाचे आगारही येथे आहे. दूरपल्ल्याची जलद वाहतूक आणि गावची संथ रहदारी यांची अशी गाठ पडते, तेथे ग्रामपंचायतीची प्रगती कोणत्या कसोटीवर मोजावी?

प्रथम स्वामित्वाचा विचार केला पाहिजे. १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांची श्रेणी लावली. १९५६ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारकडे निहित झाले. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने रस्ते व दिवाबत्ती ही कामे पंचायतीकडे सोपविली. मात्र रस्ता अन्य सार्वजनिक प्राधिकरणाचा असल्यास त्याच्या संमतीवाचून पंचायतीस तेथे काम करता येत नाही. गावचा माणूस ज्या मार्गावर सर्वाधिक धोक्यात असतो, त्यावरच गावच्या संस्थेची सत्ता चालत नाही.

तथापि संगमस्थान सर्वस्वी तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनास सुरक्षित थांबण्यासाठी ६० मीटर दृष्टिअंतर लागते, तर ताशी ८० किलोमीटर वेगास १२० मीटर. वेग १.६ पट वाढताच अंतर दुप्पट होते. गावरस्त्याच्या मुखाशी उभी टपरी अथवा लावलेली गाडी हे अंतर झाकून टाकते. गावरस्त्यावरील अतिक्रमण हटविण्याचा अधिकार अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीस दिला आहे.

म्हणून काँक्रीट रस्त्याची लांबी ही प्रगतीची पुरेशी खूण नव्हे. गुळगुळीत झालेला गावरस्ता वाहनास अधिक वेगाने महामार्गावर आणून सोडू शकतो. रस्त्याचे मुख मोकळे आहे काय, तेथे दिवा जळतो काय, आणि महामार्ग प्राधिकरणाकडे ग्रामसभेचा ठराव लेखी गेला आहे काय, या 3 प्रश्नांची उत्तरे अधिक बोलकी आहेत. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली घातलेल्या कलम १९८-अ ने रचनेची सुरक्षामानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरणास व कंत्राटदारास दंडास पात्र ठरविले आहे. धोक्याची पूर्वसूचना देणारा ठराव दप्तरी असेल, तर ‘माहीत नव्हते’ ही सबब उरत नाही.