काळा अष्टकोन काय सांगतो?

बिस्किटांचा पुडा किंवा वेफर्सचे पाकीट घेताना आपण त्यावरचे चित्र पाहतो, किंमत पाहतो, फार तर तारीख पाहतो. पाकिटाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला असतो. त्यात साखर, सोडियम, स्निग्ध पदार्थ यांचे आकडे असतात. दुकानात उभे राहून तो तक्ता किती जण वाचतात? आणि वाचला तरी त्यातून काय उमगते? माहिती छापली म्हणजे ती पोचली, असे होत नाही. चिली या देशाने या अडचणीवर कोणता उपाय केला, ते आपण पाहू.

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वत आणि पॅसिफिक महासागर यांच्यामध्ये एखाद्या चिंचोळ्या पट्टीसारखा हा देश पसरलेला आहे. गेल्या काही दशकांत तेथील लोकांच्या आहारात घरच्या स्वयंपाकाची जागा पाकिटातील खाद्यांनी आणि गोड पेयांनी घेतली. मुलांमधील लठ्ठपणा इतका वाढला, की पहिलीच्या वर्गातील दर चार मुलांमागे सुमारे एक मूल लठ्ठ असल्याचे आढळू लागले. २०१२ साली चिलीच्या संसदेने एक कायदा संमत केला आणि २७ जून २०१६ पासून तो अमलात आला.

या कायद्याने पाकिटाच्या दर्शनी बाजूवर एक काळा अष्टकोन आणला. त्याला पांढरी कड असते आणि आत ‘साखर अधिक’, ‘सोडियम अधिक’, ‘संपृक्त स्निग्धे अधिक’ किंवा ‘कॅलरी अधिक’ अशा अर्थाचे स्पॅनिश शब्द असतात. जितके दोष, तितके अष्टकोन. अष्टकोनच का? रस्त्यावरील ‘थांबा’ या पाटीचा आकार आठवा, म्हणजे उत्तर मिळेल. ज्याला आकडेमोड येत नाही, अशा लहान मुलालाही तो आकार ओळखता येतो.

अष्टकोन कोणाला लावायचा, हे मापाने ठरते. २०१९ पासून घन पदार्थांसाठी दर १०० ग्रॅममागे मर्यादा अशा आहेत : २७५ किलोकॅलरी, १० ग्रॅम साखर, ४ ग्रॅम संपृक्त स्निग्धे आणि ४०० मिलिग्रॅम सोडियम. आरंभी, २०१६ साली, त्या सैल होत्या. सोडियमची मर्यादा तर ८०० मिलिग्रॅम होती. कारखान्यांना सवड मिळावी म्हणून त्या तीन टप्प्यांत आवळत नेल्या. ज्या पदार्थात वरून साखर, मीठ किंवा संपृक्त स्निग्धे घातलेली असतात, त्यालाच हा नियम लागतो. नुसत्या भाजलेल्या शेंगदाण्यांत कॅलरी भरपूर असतात, पण वरून काही घातलेले नसल्याने त्यांना अष्टकोन लागत नाही.

आता ‘दर १०० ग्रॅम’ या शब्दांचे महत्त्व एका उदाहरणाने पाहू. समजा, एका पाकिटावर ‘एका वेळच्या ३० ग्रॅममध्ये सोडियम २४० मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे. आकडा लहान वाटतो. पण १०० ग्रॅमचा हिशेब केला, तर तो ८०० मिलिग्रॅम होतो, म्हणजे चिलीच्या मर्यादेच्या दुप्पट! आणखी एक गोष्ट. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियमचा अणुभार २३ आणि क्लोरीनचा ३५.५, म्हणून ५८.५ ग्रॅम मिठात २३ ग्रॅम सोडियम असते. सोडियमच्या आकड्याला सुमारे अडीचने गुणले, की मिठाचे वजन मिळते. आपल्या उदाहरणात ते २ ग्रॅम येईल. प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उपायाचा परिणाम काय झाला? कायद्यानंतरच्या पहिल्या दीड वर्षातील घरगुती खरेदीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. अष्टकोनाच्या मर्यादेत सापडणाऱ्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. अनेक कारखानदारांनी अष्टकोन टाळण्यासाठी आपल्या मालातील साखर व मीठही कमी केले. म्हणजे पाटी गिऱ्हाइकासाठी लावली, पण ती कारखानदारानेही वाचली!

तथापि, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. अष्टकोनाबरोबरच चिलीने असे पदार्थ शाळेत विकण्यास बंदी केली आणि १४ वर्षांखालील मुलांसाठी त्यांच्या जाहिराती करण्यासही मनाई केली. पाकिटांवरची कार्टूनची चित्रेही गेली. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम आपण शिकतो. येथे तीन गोष्टी एकदम बदलल्या. त्यामुळे घट एकट्या अष्टकोनामुळे झाली, असे म्हणता येत नाही. शिवाय खरेदी घटणे म्हणजे लठ्ठपणा घटणे नव्हे. काही कारखान्यांनी साखरेऐवजी कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ घातले. अष्टकोन गेला, पण मुलांची गोडाची सवय राहिली. हे पाहून मेक्सिकोने २०२० साली आपल्या अष्टकोनांबरोबर अशा पदार्थांविषयी मुलांसाठी वेगळी सूचनाही छापावयास लावली.

खुणेची भाषा आपल्याला नवी नाही. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका पाहून पदार्थ शाकाहारी असल्याचे आपण क्षणात ओळखतो. साखर-मिठासाठी कोणती खूण असावी, यावर मात्र भारतात मोठा वाद झाला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटावर अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे छापण्याचा मसुदा मांडला. ताऱ्यांत बऱ्यावाईटाची गोळाबेरीज होते. थोड्या चांगल्या घटकांमागे जास्त साखर लपू शकते, असा त्यावर आक्षेप आला. पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

तोवर एक प्रयोग तुम्ही वर्गात करू शकता. खाऊची दहा रिकामी पाकिटे जमवा. प्रत्येकावरील आकडे दर १०० ग्रॅमच्या हिशेबाने वहीत मांडा आणि ते चिलीच्या चार मर्यादांशी ताडून पाहा. मर्यादा ओलांडली असेल तेथे काळ्या कागदाचा अष्टकोन कापून चिकटवा. मग ती पाकिटे भिंतीवर लावा आणि एकही अष्टकोन न मिळालेली किती निघाली, ते मोजा.